श्वान आणि प्राणवायू

इटलीतील नेपल्स शहराच्या पश्चिमेस, पॉत्सुओलीच्या बाजूला, अन्यानो नावाचे एक तळे होते. तो सारा मुलूखच ज्वालामुखीचा. जमिनीतून ठिकठिकाणी ऊन वाफा आणि गंधकाचा धूर निघतो. त्या तळ्याच्या काठाशी डोंगराच्या पोटात एक लहानशी गुहा आहे. तिला इटालियन लोक ‘ग्रोत्ता देल काने’ म्हणजे कुत्र्याची गुहा म्हणतात. हे नाव तिला पडले ते तेथे कुत्री राहात असत म्हणून नव्हे. तेथे कुत्री मारून पुन्हा जिवंत करून दाखवीत असत, म्हणून पडले.

हा खेळ निदान दोनशे वर्षे तरी चालू होता. गुहेची किल्ली एका राखणदाराकडे असे. युरोपातून आलेला प्रवासी समोर दिसला, की तो आपले कुत्रे दोरीला बांधून गुहेत नेई आणि त्याचे नाक जमिनीशी दाबून धरी. स्वतः राखणदार उभा असे, प्रवासीही उभे असत. त्यांना काहीच होत नसे. कुत्रे मात्र प्रथम धापा टाकू लागे, मग त्याचे पाय ताठत, डोळे फिरत आणि थोड्याच वेळात ते मेल्यासारखे निपचित पडे. मग राखणदार त्याला उचलून बाहेर आणी आणि तळ्याच्या थंड पाण्यात बुडवी. काही क्षणांनी कुत्रे डोळे उघडी, धडपडत उठून उभे राही. प्रवासी खिशात हात घालीत. इंग्रज रोजनिशीकार जॉन एव्हलिन याने १६४५ मध्ये हा प्रकार पाहिला. पुढे निबंधकार जोझेफ ॲडिसन याने तेथे बसून बरेच प्रयोगही केले. कुत्र्याबरोबर त्याने सापही गुहेत सोडला आणि तो किती मिनिटे तग धरतो हे मोजले. अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन १८६७ मध्ये तेथे जाऊन पोहोचला; पण त्याच्याजवळ कुत्रे नव्हते, आणि त्यामुळे आपला प्रयोग राहून गेला म्हणून तो हळहळला. विनोदच तो, पण ज्या कुत्र्यावर दिवसातून अनेकदा हा प्रसंग गुदरत असेल, त्याला त्यात विनोद कितपत दिसला असता याची शंकाच आहे.

गुहेचे रहस्य आज शाळकरी मुलालाही सांगता येईल. तेथील जमिनीतून कार्बन डायॉक्साइड वायू सतत झिरपत असतो. तो हवेच्या सुमारे दीडपट जड. त्यामुळे तो वर न जाता, परातीत पाणी साचावे तसा, जमिनीलगत साचून राहतो. माणसाचे नाक त्या थराच्या वर, कुत्र्याचे नाक त्या थरात. परंतु रहस्यापेक्षा मला महत्त्वाची वाटते ती त्या राखणदाराची आणि प्रवाशांची समजूत. विष गुहेत आहे आणि त्यावरचा उतारा तळ्यात आहे, असे शेकडो लोक मानीत आले. निसर्गाने रोग आणि औषध शेजारी शेजारी ठेवले, याचे त्यांना मोठे कौतुक वाटे. कुत्रे नुसते उघड्यावर ठेवले तरी शुद्धीवर येते, हे ॲडिसनच्या ध्यानात आले होते. पण ते मानावे तर उतारा हवेत आहे असे म्हणावे लागते. आणि हवेत असे काय आहे, हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. १८७० मध्ये अन्यानोचे तळे उपसून कोरडे करण्यात आले. तोपर्यंत हवेतील त्या गुणी द्रव्याला नाव मिळून शंभर वर्षे होत आली होती.

ते नाव मिळण्याच्या कथेतही आरंभी कुत्रेच आहे.

लंडनच्या रॉयल सोसायटीत १६६४ च्या नोव्हेंबरात रॉबर्ट हूक याने एक प्रयोग केला. त्याने एका जिवंत कुत्र्याची छाती उघडली, श्वासनलिकेत एक नळी बसविली आणि लोहाराच्या असतो तसा भाता त्या नळीला जोडून तो हलवीत राहिला. बरगड्या कापलेल्या, श्वासपटल छेदलेले. कुत्र्याला स्वतः श्वास घेणे अशक्य. तरीही भाता चालू होता तोवर, एक तासाहून अधिक वेळ, हृदय धडधडत राहिले. भाता थांबला की ते ढासळू लागे. प्रयोग यशस्वी झाला. पण हूक अस्वस्थ झाला. आपला गुरू आणि मित्र रॉबर्ट बॉइल याला पत्र लिहून त्याने कळविले, की या प्राण्याचे हाल पाहता असा प्रयोग पुन्हा करण्यास मी सहजी तयार होणार नाही. त्याला एखादे गुंगीचे औषध देऊन संवेदनाशून्य करता आले तर गोष्ट वेगळी. भूल देण्याची विद्या त्या वेळी जन्मली नव्हती. ती यावयास अजून पावणेदोनशे वर्षे होती. सतराव्या शतकातील पुष्कळ विद्वान जनावराला वेदना होतात हेच मान्य करावयास तयार नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे हूकच्या त्या पत्राची किंमत कळते.

पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तो फसला आणि सोसायटीने पुन्हा हूकलाच गळ घातली. ऑक्टोबर १६६७ मध्ये त्याने रिचर्ड लोअर या वैद्याच्या साहाय्याने तो पुन्हा केला. या खेपेला त्याने एक नवी युक्ती काढली. एकाला एक जोडलेले दोन भाते घेऊन त्याने हवेचा अखंड झोत सुरू ठेवला आणि फुप्फुसाच्या बाह्य आवरणास बारीक छिद्रे पाडून ती हवा बाहेर पडू दिली. आता फुप्फुसे फुगलेली, पण निश्चल होती. भात्याप्रमाणे वरखाली होत नव्हती. तरी कुत्रे जिवंत राहिले. याचा अर्थ उघड होता. जीव फुप्फुसाच्या हालचालीने राहात नाही, ताज्या हवेच्या पुरवठ्याने राहतो. हालचाल हे केवळ साधन. दोनच वर्षांनी, १६६९ मध्ये, लोअरने याच्या पुढचे पाऊल टाकले. काळसर रक्त फुप्फुसातून जाताना लाल भडक होते, आणि ते हवेशी संबंध आल्यामुळेच होते, हे त्याने दाखवून दिले. पशुवैद्य आज आजारी कुत्र्याचा ओठ वर करून हिरडीचा रंग पाहतो, तो या लोअरच्या शोधाच्या आधाराने.

हवेतील ते द्रव्य कोणते, हे कळावयास आणखी शतक लोटले. या अवधीत कुत्र्याला थोडी उसंत मिळाली आणि उंदरावर पाळी आली. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडातील विल्टशर परगण्यात, लॉर्ड शेलबर्न यांच्या बोवुड येथील वाड्यात, जोझेफ प्रीस्टली याने पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर भिंगाने सूर्यकिरण एकत्रित केले. त्यातून जो वायू निघाला त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. पुढल्या वर्षीच्या मार्चात त्याने त्या वायूत एक उंदीर ठेवला. तेवढ्याच साध्या हवेत जो उंदीर पाव तासात गुदमरावा, तो येथे अर्धा तास टिकला आणि बाहेर काढून ऊब देताच पुन्हा हिंडूफिरू लागला. मग प्रीस्टलीने तो वायू स्वतः हुंगून पाहिला. छाती हलकी झाल्यासारखी वाटली, असे तो लिहितो. स्वीडनच्या शीलेने हाच वायू त्याच्याही आधी मिळविला होता. पण त्याचा ग्रंथ १७७७ पर्यंत प्रसिद्ध झाला नाही. नाव दिले ते फ्रान्सच्या लाव्हाझिएने, आणि तेही थोडे चुकीचे. ऑक्सिजन म्हणजे आम्ल उत्पन्न करणारा. सर्व आम्लांत तो असतोच अशी लाव्हाझिएची समजूत होती, ती खोटी ठरली. आपल्या मराठीतील ‘प्राणवायू’ हा शब्द त्या मानाने अधिक निर्दोष म्हणावा लागेल.

आता ज्या गृहस्थाचा उल्लेख करावयाचा, त्याचे नाव शस्त्रक्रियेच्या इतिहासात सर्वांना ठाऊक आहे. प्राणवायूच्या इतिहासात मात्र ते क्वचितच घेतले जाते. तो जॉन हंटर. १७७४ मध्येच लंडनला एक मंडळ निघाले होते. थेम्स नदीत बुडालेल्या माणसांना मेलेले समजून पुरून टाकू नये, त्यांना शुद्धीवर आणण्याचा प्रयत्न व्हावा, हा त्याचा उद्देश. पुढे तेच रॉयल ह्युमेन सोसायटी म्हणून प्रसिद्धीस आले. या मंडळींचे उपाय काही शहाणपणाचे आणि काही आज हसू येईल असे होते. शरीराला ऊब देणे, तोंडाने फुंकून हवा भरणे हे जसे त्यांत होते, तसेच गुदद्वारातून तंबाखूचा धूर सोडणे हेही होते. मंडळाने हंटरचा सल्ला विचारला, आणि १७७६ मध्ये त्याने रॉयल सोसायटीपुढे आपला निबंध वाचला.

हंटरने त्यात आपले वीस वर्षांपूर्वीचे कुत्र्यांवरील प्रयोग सांगितले आहेत. त्याने दोन कप्प्यांचा एक भाता बनविला होता. एक कप्पा ताजी हवा आत ढकली, दुसरा वापरलेली हवा बाहेर ओढून घेई. भाता थांबविला म्हणजे कुत्र्याचे हृदय मंदावत जाई, त्यातील रक्त काळवंडे. पुन्हा भाता सुरू केला म्हणजे रक्ताला लाली चढे आणि ठोके जोर धरीत. श्वास आधी, हृदय मागाहून, हा क्रम त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. म्हणून बुडालेल्या माणसाच्या फुप्फुसात प्रथम हवा भरा, असे त्याने निक्षून सांगितले. आणि मग एका वाक्यात त्याने जाता जाता सुचविले, की प्रीस्टलीसाहेबांनी नुकताच शोधून काढलेला तो वायू या कामी साध्या हवेहून कदाचित अधिक गुणकारी ठरेल. प्राणवायू सापडून दोन वर्षेही झाली नव्हती. त्याला अजून ते नावही मिळाले नव्हते. गुदमरलेल्या जिवाला प्रथमोपचार म्हणून जादा प्राणवायू द्यावा, ही कल्पना इतक्या स्वच्छ शब्दांत मांडल्याचा याहून फार जुना दाखला माझ्या वाचनात नाही. आणि ती कुत्र्यांवरील प्रयोगांतून निघाली आहे.

कल्पना निघाली, पण ती अंमलात यावयास शतकाहून अधिक काळ लागला. याची कारणे फारशी गूढ नाहीत. प्राणवायू साठवावयाचा कशात, हा पहिला प्रश्न. ब्रिस्टलला टॉमस बेडोज याने १७९९ मध्ये वायूंनी रोग बरे करण्याची संस्था काढली, वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉटने तिला उपकरणे करून दिली. पण क्षयापासून पक्षाघातापर्यंत सर्व रोगांवर वायू देण्याच्या हव्यासात त्या उपायाची अब्रूच गेली. भात्याचेही तसेच झाले. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये लरॉय देत्योल याने जनावरांवर दाखवून दिले, की भाता जोराने हाणला तर फुप्फुस फाटते आणि जनावर त्यामुळेच मरते. लवकरच भाते अडगळीत पडले. स्वस्त आणि शुद्ध प्राणवायू मिळू लागला तो जर्मनीच्या कार्ल फोन लिंडे याने १८९५ मध्ये हवेचे द्रवात रूपांतर करण्याची पद्धत बसविल्यानंतर, आणि पोलादी नळकांडी तयार होऊ लागल्यानंतर.

दरम्यान या कथेतील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्या देशात घडले. हैदराबाद संस्थानात, म्हणजे ज्या राज्यात त्या वेळी आपला मराठवाडाही होता त्या राज्यात, एडवर्ड लॉरी नावाचे डॉक्टर रेसिडेन्सी सर्जन होते. तेथील वैद्यकीय शाळाही त्यांच्याकडे होती. क्लोरोफॉर्मने भूल देताना काही रोगी अकस्मात दगावत. ते का दगावतात, यावर लंडन आणि एडिंबरो यांच्यात कडाक्याचा वाद होता. लंडनचे वैद्य म्हणत, हृदय आधी थांबते. म्हणून भूल देणाऱ्याने नाडीवर बोट ठेवावे. एडिंबरोचा पक्ष म्हणे, श्वास आधी थांबतो. म्हणून नाडी सोडा आणि श्वासावर नजर ठेवा. लॉरी एडिंबरोच्या तालमीतले. त्यांनी १८८८ मध्ये पहिले आणि १८८९ मध्ये दुसरे असे दोन चौकशी मंडळ नेमविले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी खर्च सोसला. ‘लॅन्सेट’ या विख्यात वैद्यकीय पत्राने आपला प्रतिनिधी म्हणून लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठविले. दुसऱ्या मंडळाने चारशेंहून अधिक जनावरांवर प्रयोग केले. त्यांत माकडे होती, बकऱ्या होत्या, मांजरे होती. परंतु मुख्य भरणा कुत्र्यांचा होता. या कामात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दूनजी यांचाही हात होता. भूल देण्याच्या शास्त्रात नाव मिळविलेल्या जगातील पहिल्या स्त्रियांत त्यांची गणना होते.

निष्कर्ष लॉरींना हवा होता तोच निघाला. कुत्र्याचा श्वास आधी बंद पडतो, हृदय त्यानंतर. श्वास थांबताच कृत्रिम श्वासोच्छ्वास ताबडतोब सुरू केला, तर जनावर बहुधा परत येते. विलंब झाला तर येत नाही. ब्रंटन हैदराबादेस येताना लंडनच्या मताचे होते, जाताना लॉरींच्या मताचे झाले. पण शास्त्राच्या दरबारात असे निकाल कायमचे नसतात. १९११ मध्ये गुडमन लेव्ही याने मांजरांवर दाखविले, की भूल हलकी असताना क्लोरोफॉर्मने हृदयाचा ताल अकस्मात बिघडून ते थरथरू लागते आणि प्राणी जागच्या जागी मरतो. म्हणजे लंडनचेही काही खरे होते. हैदराबादेत कुत्र्यांना भूल खोल दिली जात होती, त्यामुळे हा प्रकार मंडळाच्या दृष्टीस क्वचितच पडला असावा. मोठ्या संख्येने मोठे सत्य हाती लागतेच असे नाही, हे त्या शेकडो जनावरांच्या जिवाने सिद्ध झाले. ती बिचारी कुत्री हैदराबादच्या गल्ल्यांतलीच असणार. त्यांच्यासाठी त्या वेळी कोणी अर्ज केल्याचे ऐकिवात नाही. भारतात प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद झाली ती १९६० च्या कायद्याने. आणि त्या कायद्यामागे रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत धरलेला आग्रह होता.

प्राणवायू जनावराच्या उपकारासाठी प्रथम नियमितपणे वापरला गेला तो, माझ्या समजुतीप्रमाणे, इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत. आणि तो लाभ मिळाला एका पक्ष्याला. २७ जानेवारी १८९६ रोजी दक्षिण वेल्समधील टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट होऊन ५७ माणसे मेली. जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने प्रेते तपासली. पुष्कळांच्या अंगावर जखम नव्हती, त्वचा मात्र गुलाबी होती. हे काम कार्बन मोनॉक्साइडचे होते. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि प्राणवायूची जागा अडवून बसतो. त्याला वास नाही, रंग नाही. हॉल्डेनने सुचविले, की खाणीत उतरताना उंदीर किंवा लहान पक्षी बरोबर न्यावा. त्याचा श्वास आपल्याहून जलद, म्हणून तो आपल्या आधी कोलमडतो आणि आपल्याला परत फिरण्यास अवधी मिळतो. कॅनरी पक्ष्यांची नेमणूक झाली ती अशी.

या पक्ष्यासाठी पुढे जो पिंजरा निघाला, तो पाहण्यासारखा आहे. मँचेस्टरच्या विज्ञानसंग्रहालयात त्याचा एक नमुना जपून ठेवला आहे. पिंजऱ्याच्या माथ्यावर, उचलण्याच्या मुठीच्या जागी, प्राणवायूचे एक छोटे नळकांडे. पुढे जाळीची गोल खिडकी. पक्षी काठीवरून पडला की खाणकामगार खिडकीचे झाकण लावून घेई आणि नळकांड्याची चावी फिरवी. थोड्या वेळात पक्षी पंख फडफडवीत उठून बसे. यात हिशेब होता हे खरे. शिकलेला पक्षी फुकट घालवणे परवडत नसे. पण नुसता हिशेब नव्हता. खाणकामगार या पक्ष्यांशी शीळ घालून बोलत असत, आणि १९८६ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांच्या जागी विजेची उपकरणे आणण्याचे ठरविले तेव्हा कित्येकांना वाईट वाटले.

याच हॉल्डेनने १८९५ मध्ये उंदीर दुप्पट दाबाच्या प्राणवायूत ठेवून दाखविले होते, की भरपूर प्राणवायू दिला तर हिमोग्लोबिन निकामी झाले असतानाही प्राणी जगू शकतो. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने होरपळलेल्या सैनिकांसाठी त्याने मुखवटा आणि प्रमाणशीर प्राणवायू सोडणारे उपकरण तयार केले आणि १९१७ मध्ये त्याविषयी लिहिले. प्राणवायू हे मापून द्यावयाचे औषध आहे, हा विचार तेथून रुजला. या हॉल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हॉल्डेन लहानपणी बापाबरोबर खाणीत उतरत असे. मोठेपणी तोही थोर शास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत येऊन राहिला, त्याने भारताचे नागरिकत्व पत्करले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे तो वारला.

मग कुत्र्याची पाळी केव्हा आली? ३ नोव्हेंबर १९५७ रोजी रशियाने लायका नावाची मॉस्कोच्या रस्त्यावरली कुत्री अंतराळात पाठविली. तिच्या कोठडीत प्राणवायू उत्पन्न करणारे आणि उच्छ्वासातील कार्बन डायॉक्साइड शोषून घेणारे रासायनिक उपकरण होते. प्राणवायूची तिला वाण नव्हती. तरी ती काही तासांतच मेली, उष्म्याने. आणि ही गोष्ट जगाला २००२ मध्ये कळली. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकून, जिभेवरील ओल वाफ करूनच ते आपले अंग निववते. सभोवारची हवाच तापली तर धाप निरुपयोगी ठरते. हे मुद्दाम सांगण्याचे कारण, की विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुत्र्याला उष्माघात होतो तेव्हा नुसत्या प्राणवायूने भागत नाही. आधी सावली, अंगावर पाणी आणि वारा. प्राणवायू त्याच्या जोडीला. हल्ली आपल्या शहरांतून हौसेने पाळल्या जाणाऱ्या पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासवाट तर जन्मतःच अरुंद असते. त्यांना प्राणवायूची गरज इतरांच्या आधी लागते आणि ती देणे अधिक कठीण जाते.

लहान जनावरांच्या वैद्यकाचा खरा उत्कर्ष गेल्या शतकाच्या उत्तरार्धातला. मुंबईस परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्येच निघाले. पण त्या काळचे पशुवैद्यक घोडा आणि बैल यांचे होते, लष्कराचे आणि शेतीचे होते. कुत्र्याच्या श्वासासाठी नळकांडे आणावे, ही कल्पना त्या काळी चैनीची वाटली असती. आज मोठ्या शहरांतील पशुरुग्णालयांत प्राणवायूची काचेची पेटी असते, आणि परदेशांत कित्येक ठिकाणी अग्निशामक दलाच्या गाडीवर कुत्र्यामांजरांसाठी निमुळते मुखवटे लहान, मध्यम, मोठे अशा मापांत ठेवलेले असतात. माणसाचा मुखवटा कुत्र्याच्या लांब थोबाडाला बसत नाही, एवढी साधी अडचण. ती दूर व्हावयास बराच काळ गेला.

प्रत्यक्ष देण्याची रीत दिसते त्यापेक्षा नाजूक आहे. हवेत प्राणवायू शेकडा २१ असतो. नळी कुत्र्याच्या नाकपुडीजवळ धरून, मिनिटाला दोन ते पाच लिटर इतक्या वेगाने प्राणवायू सोडला, तर त्याच्या श्वासातील प्रमाण शेकडा २५ ते ४० पर्यंत जाते. नीट बसणाऱ्या मुखवट्याने ते याहून चढते. पण घाबरलेले कुत्रे मुखवट्याशी झुंजू लागले, तर त्या धडपडीतच ते मिळाल्यापेक्षा अधिक प्राणवायू खर्च करते. जाणते पशुवैद्य अशा वेळी मुखवटा बाजूला ठेवून नुसती नळी धरतात. किंवा जखम चाटू नये म्हणून कुत्र्याच्या गळ्यात जो प्लॅस्टिकचा शंकू घालतात, त्याचे तोंड पातळ पारदर्शक कागदाने बरेचसे झाकून, वर थोडी फट ठेवून आत प्राणवायू सोडतात. फट ठेवावयाचीच, नाही तर त्याचाच उच्छ्वास आत कोंडतो आणि अन्यानोची गुहा पुन्हा तयार होते. श्वासच थांबला असेल तर तोंड मिटून धरून नाकातून हवा फुंकावी लागते, आणि हृदयही थांबले असेल तर छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबावी लागते. २०१२ मध्ये पशुवैद्यांनी जगभरचे संशोधन एकत्र करून हे नियम प्रथमच लेखी ठरविले. एकटा मनुष्य असेल तर तीस दाबांनंतर दोन फुंकी, असा क्रम त्यांत आहे. फुंकर बेताची हवी. लरॉय देत्योलची सूचना लहान पिलाच्या बाबतीत अजूनही तितकीच लागू आहे.

लक्षणे ओळखण्यातही चकवे आहेत. निळी जीभ ही धोक्याची खूण, असे आपण समजतो. ते खरे आहे, पण तोवर पुष्कळ उशीर झालेला असतो. गोचिडांच्या तापाने ज्या कुत्र्याचे रक्त आटले आहे, त्याची जीभ प्राणवायू अगदी कमी झाला तरी निळी पडत नाही, नुसती पांढुरकी राहते. उलट चाउ जातीच्या कुत्र्याची जीभ निरोगीपणीही निळीच असते. जिभेला चिमटा लावून रक्तातील प्राणवायू मोजण्याचे यंत्र आता सर्वत्र मिळते. परंतु धुरात सापडलेल्या कुत्र्याच्या बाबतीत तेही फसते. कार्बन मोनॉक्साइडने भरलेले रक्त लालच दिसते आणि यंत्र त्याला प्राणवायूने भरलेले समजून चांगला आकडा दाखविते.

म्हणून आगीतून काढलेल्या कुत्र्याला, ते उभे राहून शेपटी हलवू लागले तरी, प्राणवायू देणे थांबवीत नाहीत. माणसाच्या बाबतीत असे मोजले आहे, की साध्या हवेत रक्तातील हा विषारी वायू निम्म्यावर यावयास चार-पाच तास लागतात आणि शुद्ध प्राणवायूत तेच काम तास-दीड तासात होते. शिवाय धुराने पोळलेल्या फुप्फुसाला सूज येते ती बहुधा दुसऱ्या दिवशी. कुत्रे घरी येऊन जेवलेले असते आणि रात्री पुन्हा धापा टाकू लागते. अशा कुत्र्याला एक दिवस तरी पशुवैद्याच्या नजरेखाली ठेवावे लागते, आणि त्या अवधीत प्राणवायूचे प्रमाणही दर काही तासांनी बेताने कमी करीत आणावे लागते. कारण शुद्ध प्राणवायूचा मारा दिवसभर चालू राहिला, तर तो स्वतःच फुप्फुसाला इजा करू लागतो.